न उघडलेली पिशवी

१

बुधवारी सकाळी सात वाजता दूध डेअरीवर वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन उभी होती, तेव्हा सुलाबाईच्या फोनमधून संयोगिताचा आवाज आला.

सुलाबाईला आदल्या दिवशीच्या यात्रेचे फोटो बघायचे होते. पालखीजवळ आपला नातू कुठं दिसतो का, हे ती बोटानं सरकवत शोधत होती. सरकवता सरकवता भलतंच काहीतरी दाबलं गेलं आणि फोन बोलायला लागला.

"आवं, ऐकताय न्हवं? सातारच्या डॉक्टरांनी समदं तपासलं. माझ्यात काय बी दोष न्हाई म्हणाले. तुमचा मागल्या सुट्टीतला रिपोर्ट बी दावला. इलाज तुमच्यावर कराय लागंल, पण इलाज हाय म्हणत्यात. आत्यांस्नी मी काय सांगितलं न्हाई. चार वर्सं मला वांझ म्हणत्यात, म्हणू द्यात. तुमचं नाव खाली जायला नगं. पण सुट्टी काढा आन एकदा माझ्यासंगं चला. एवढंच."

सुलाबाईला ते बंद करता येईना. कुणी तिच्या हातातून फोन घेतला नाही. किटल्यांचा आवाजसुद्धा बंद झाला होता. "बंद करा की ते!" असं मी ओरडलो खरं, पण शेवटचं "एवढंच" ऐकून झाल्यावर ओरडलो. आधी ऐकून घेतलं. आजही ते आठवलं की माझी मान आपोआप खाली जाते.

रांगेत चौथ्या नंबरवर संयोगिताची सासू हरणाबाई उभी होती. तिनं कुणाकडं बघितलं नाही. किटली उचलली, दूध न घालताच घराकडं चालायला लागली.

दहा वाजेपर्यंत आणखी आठ फोनांत तीच रेकॉर्डिंग सापडली. दुपारी हरणाबाई दारात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली.

"माझ्या पोराची अब्रू हिनं येशीला टांगली! मला बोल लावायचा हुता तर त्वांडावर लावायचा. पोरगा तिकडं बर्फात उभा हाय आन हिनं हितं त्याचा बाजार मांडला! आटपाडीला निरोप धाडलाय. शुक्करवारी सकाळी हिचा भाऊ यील आन घिऊन जाईल. परत या उंबऱ्यात पाय नगं."

मागं संयोगिता पदर तोंडाला लावून उभी होती. "म्या न्हाई केलं, आत्या," एवढंच तिचं चाललं होतं.

ज्यानं तो आवाज चोरला त्याच्यामुळं त्या पोरीचा संसार मोडणार होता. मला राहवलं नाही.

"हरणावहिनी," मी म्हणालो, "शुक्रवारपातुर हिला एक शब्द बोलू नका. कुणी केलं ते मी काढतो. न्हाई काढलं तर नावाचा नाथाजी न्हाई."

२

मी नाथाजी. एकतीस वर्षं या खोलवाडीचा पोस्टमन होतो. गाव अजून पोस्टमनतात्याच म्हणतं.

खोलवाडी तीन बाजूंनी डोंगरात आहे. फोन सगळ्यांकडं आहेत, रेंज कुणाकडंच नाही. रेंज पाहिजे तर चार किलोमीटर चढून खिंडीत जायचं, नाहीतर सरळ वडूज गाठायचं. टॉवर येणार, येणार म्हणून सहा निवडणुका झाल्या. घरटी एक पोरगा सैन्यात, आणि त्याच्याशी बोलायला म्हाताऱ्यांनी खिंड चढायची का? म्हणून मी पेटी सुरू केली.

पेटी म्हणजे माझा फोन. त्यात एक ॲप आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. दोन फोन जवळ असले की एकातलं दुसऱ्यात जातं. ज्याला निरोप द्यायचा त्यानं आपल्या फोनात बोलून ठेवायचं. त्या रेकॉर्डिंगला नाव म्हणून ज्याला पाठवायची त्याचा मोबाइल नंबर द्यायचा. तोच पत्ता. मग माझ्याकडं यायचं, मी माझ्या फोनवर चौकोनी कोड उघडायचा, समोरच्यानं त्यावर कॅमेरा धरायचा. पडलं पेटीत. रोज सकाळी दुधाची गाडी घेऊन जयराज येतो. मी सगळं एकदम त्याच्या फोनात घालतो, तो वडूजला रेंजमध्ये गेला की ज्याचं त्याला धाडतो. उत्तरं संध्याकाळच्या फेरीला येतात.

आणि माझा एक नियम. पिशवी उघडून बघायची नाही. एकतीस वर्षांत मी कुणाचं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नाही, आणि पोस्टकार्ड तर उघडंच असतं. फोनातही तेच. फाइलवर बोट दाबून धरायचं, "सगळ्या" दाबायचं, नजर दुसरीकडं करायची आणि पाठवायचं. जयराज "मिळालं" म्हणाला की पुसून टाकायचं. सोमवारी माझा फोन जनावरांच्या हौदात पडून मेला, तरी पेटी एक दिवस बंद राहिली नाही. बुद्धभूषणचं वडूजला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तो यात्रेला गावी येतच होता, त्याच्याकडून तासाभरात दुसरा घेतला. त्याच संध्याकाळी संयोगितानं आपली रेकॉर्डिंग पेटीत टाकली. गाव यात्रेच्या गडबडीत, त्यामुळं त्या दिवशी आलेली ती एकटीच.

मंगळवारी भैरोबाची यात्रा. दुपारी जेवणाच्या पंगती उठल्यावर फोटोंची देवाणघेवाण सुरू झाली. फोटो बुद्धभूषणनंच काढलेले. ज्याच्याकडं आले तो पुढच्याला देत होता, मीही पाच-सहा जणांना दिले. समोर "घ्यायचं का?" असं आलं की लोक न वाचता "हो" दाबत होते. त्याच गर्दीत कुणीतरी ती रेकॉर्डिंग सोडून दिली होती.

कुणी, हे कसं कळणार? बुधवारी दुपारी ते मला मायानं दाखवलं. माया म्हणजे बुद्धभूषणची बायको, आमच्या गावची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका. संयोगिताला साताऱ्याला दवाखान्यात तीच घेऊन गेली होती. म्हणजे गुपित ठाऊक असणारी पहिली तीच, आणि मी तिच्याकडं जरा त्याच नजरेनं बघत होतो.

"तात्या, हितं यादी ऱ्हाती," सुलाबाईचा फोन हातात घेऊन ती म्हणाली. "काय आलं आन कुणाच्या फोनवरनं आलं, ते समदं. पाठवणाऱ्याच्या फोनला जे नाव दिलेलं असतं, ते दिसतं. हे बघा."

मी चष्मा पुसला, परत वाचलं. मग ज्यांच्या फोनात थेट यात्रेतच आली होती असे आणखी पाच फोन मागवून बघितले. सहाच्या सहा ठिकाणी एकच नाव होतं.

वीरधवल.

संयोगिताचा नवरा. दिवाळीची सुट्टी संपवून गेला तो अजून सरहद्दीवर होता.

३

"मग आता काय ऱ्हायलं?" हरणाबाई म्हणाली. "पोराचाच फोन. दिवाळीत त्यानं हिला नवा घिऊन दिला. जुना हिच्याकडंच पडला. हिनंच दडवलाय, आन हिनंच धाडलं!"

ऐकायला बरोबर वाटत होतं. रेकॉर्डिंग हिची, फोन हिच्या नवऱ्याचा. मी खाली मान घालून गोठ्याकडं गेलो. संयोगिता म्हशीपुढं वैरण टाकत होती. सकाळपासून घरात कुणी तिच्याशी बोललं नव्हतं, आणि म्हशीला दोनदा वैरण पडली होती.

"पोरी, खरं सांग. वीरधवलचा जुना फोन कुठाय?"

"आवं, तो दिवाळीतच दिला की. ह्यांनी वडूजला नवा घेतला तवा जुना बदल्यात दिला. त्यातलं फोटो-बिटो माझ्यासमोर पुसलं."

"आन तुझी रेकॉर्डिंग? ती आजून तुझ्या फोनात हाय?"

"न्हाई. पेटीत टाकली आन लगीच पुसली. आत्या माझा फोन बघत्यात कवाकवा." ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "तात्या, राग येऊ दिऊ नका. पर तुमच्या पेटीतनंच चुकून..."

"काय?"

"न्हाई, मी आपलं..."

"एकतीस वर्सं!" मी असा ओरडलो की म्हैस बिचकली. "एकतीस वर्सं या गावची कागदं मी खांद्यावर वागवली! एक पाकीट फुटलं न्हाई माझ्या हातनं. आन तू काल आलेली पोर मला..."

ती रडायला लागली. चूक झाली, तात्या, चूक झाली, म्हणायला लागली. जिचा संसार मोडत होता तिला मी माफी मागायला लावली, आणि ती मिळाली म्हणून शांत झालो.

संध्याकाळी गाडी घेऊन जयराज आला. मूळचा उंब्रजचा, बोलायला फटकळ. त्याला मी डेअरीच्या मागं बाजूला घेतलं.

"माझ्यावर यायचं न्हाई हां तात्या! मंगळवारी यात्रा म्हणून दूध बंद. मी खोलवाडीत आलोच न्हाई. आन सोमवारची संध्याकाळची पेटी तुमी मला आजून दिली कुठाय? माझ्या फोनात ती पोरगी न्हाईच. बघा, घ्या, हातात घ्या!"

बघितलं. खरंच नव्हती. या गोंधळात बुधवारी सकाळी मी पेटी रिकामी केलीच नव्हती. जयराज सुटला.

आता रेकॉर्डिंग उरली कुठं, हे बोटावर मोजता आलं असतं. मी मोजलं नाही. माझ्या डोक्यात गोठ्यातलं एकच वाक्य फिरत होतं. जुना फोन वडूजला दिला. वडूजला मोबाइलचं दुकान कुणाचं? यात्रेत फोटो वाटत कोण फिरत होतं? आणि बायकोकडून गुपित कुणाला कळलं असेल?

तिन्हीचं उत्तर एकच येत होतं.

४

जयराजला मी बाजूला घेऊन विचारलं होतं. संयोगिताला तिच्या गोठ्यात. बुद्धभूषणला मात्र गुरुवारी दुपारी पारावर गाठलं, दहा-बारा माणसांसमोर. का, हे तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

"भूषण, वीरधवलचा जुना फोन तुझ्या दुकानात आला हुता का न्हाई?"

"आला हुता."

पारावरची माणसं सावरून बसली.

"मग तो आता कुठाय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात त्याच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. मला वाटलं, चोर सापडला.

"फोनवर नाव वीरधवलचं दिसलं?" त्यानं उलट विचारलं. "कुणी बघितलं?"

"म्या बघितलं! सहा फोनांत बघितलं!"

"असं हाय व्हय..." तो उठला. हळू आवाजात म्हणाला, "तात्या, तो फोन म्या विकला. कुणाला, ते हितं सांगत न्हाई. तुमी घरी या. एकटं या. सांगतो."

"हितं का न्हाई? ह्या माणसांसमोर सांगायला जीभ झडती का?"

"तात्या, एकदा तुमचा फोन..."

"माझ्या फोनचं तू मला सांगू नगंस! तुझ्या बायकूनं पोरीचं गुपित तुला सांगितलं, तू फोटोंच्या आडनं गावभर केलंस. एका जवानाच्या घरादाराची माती केलीस. लाज वाटत न्हाई?"

कुणीतरी मागून "खरंय" म्हणालं. बुद्धभूषणनं चपला घातल्या.

"माझ्या बायकूचं नाव घेतलंत," एवढं मात्र म्हणाला. "मी हाय घरी. कवाबी या."

तो वस्तीकडं निघून गेला आणि लोक माझी पाठ थोपटायला लागले. पोस्टमनतात्यानं काढला चोर! मी घरी आलो, आणि का कुणास ठाऊक, भूषणचं बोलणं परत परत आठवायला लागलं.

चोर सापडल्यावर बोलायचं टाळतो, पळ काढतो. हा तर घरी या म्हणत होता. आणि विकला म्हणाला. विकला असेल तर वीरधवल नावाचा तो फोन अजून गावातच कुणाच्या तरी हातात आहे. भूषणनं केलं म्हणून शुक्रवारी हरणाबाईसमोर उभं राहायचं तर तो फोन हाती पाहिजे. नुसत्या संशयावर ती पोरीला ठेवून घेणार नव्हती.

मग मला एक युक्ती सुचली. ॲप उघडलं की जवळपास ज्यांचे फोन असतात त्यांची नावं समोर येतात. वीस-पंचवीस पावलांच्या आतले, त्यापुढचे नाहीत. पुरावा म्हणून माझ्याकडंच ठेवलेला सुलाबाईचा फोन हातात धरून गावभर चालत जायचं. जिथं "वीरधवल" दिसेल तिथं चोर.

५

ऊन उतरायच्या आत निघालो.

पहिलं हरणाबाईचं घर. दारापुढं उभा राहून ॲप उघडलं. दोन नावं आली. एक संयोगिताचा नवा फोन. दुसरं वीरधवल.

म्हणजे पोर खोटं बोलली? फोन घरातच होता? हरणाबाई ओसरीवरून माझ्याकडं टक लावून बघत होती. "सापडलं काय?" म्हणाली. मी नुसती मान हलवली आणि पुढं सरकलो.

खात्री म्हणून वस्तीकडं गेलो. बुद्धभूषणच्या घरापासून लांबच, कोपऱ्यावर थांबलो. ॲप उघडलं. वीरधवल.

आता हे कसं? एकच फोन दोन ठिकाणी? माणूस एका घरातून दुसऱ्या घरात गेला म्हणावं तर वाटेत मला कुणी भेटलं नव्हतं. भैरोबाच्या देवळात गेलो. देवळात गुरव एकटा, त्याच्याकडं साधा बटणांचा फोन. ॲप उघडलं. वीरधवल. डेअरीला कुलूप होतं. तिथंही वीरधवल.

ज्याला मी शोधत होतो तो माझ्या मागं मागं फिरत होता. तीनदा वळून बघितलं. वाट रिकामी. शेवटी मी खिंडीची वाट धरली आणि पाऊण तास चढून माळावर गेलो. तिथं झाड नाही, झुडूप नाही. हाकेच्या अंतरात मेंढरूसुद्धा नव्हतं. खाली सगळी खोलवाडी दिसत होती. आता बघू कुठं लपतोस, म्हणून ॲप उघडलं.

एकच नाव आलं. वीरधवल.

मी तसाच उभा राहिलो. मग डावा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. तो हात कसा गेला मला माहीत नाही, पण जाताना जड झाला होता.

खिशातला फोन काढून बंद केला. सुलाबाईच्या फोनवरचं नाव गेलं. परत चालू केला. नाव आलं.

मी मातीतच खाली बसलो. मग सगळं आपोआप जुळत गेलं, नको म्हणत असताना जुळत गेलं. सोमवारी भूषण म्हणाला होता, "तात्या, दुकानातला एक जुना हाय, पर आजून नीट साफ केला न्हाई. उद्या करून देतो." मी म्हणालो होतो, "उद्या काय, आत्ता दे! पेटी बंद ऱ्हायची न्हाई." फोटो पुसलेले होते, नाव तेवढं राहिलं होतं. संयोगितानं कोडवर कॅमेरा धरला, तिला नाव दिसायचा प्रश्नच नव्हता. मंगळवारी जयराज आला नाही, म्हणून तिची रेकॉर्डिंग माझ्याच फोनात पडून राहिली. त्याच दुपारी भूषणनं यात्रेचे फोटो माझ्या फोनात घातले, ते जाऊन तिच्याच शेजारी पडले. आणि लोकांनी फोटो मागितले तेव्हा मी काय केलं? बोट दाबून धरलं. "सगळ्या" दाबलं. नजर दुसरीकडं केली.

सहा वेळा केलं. मोठ्या अभिमानानं केलं. सहातल्या तिघांनी पुढं आणखी तिघांना दिलं.

एकतीस वर्षं पिशवी उघडून बघितली नाही म्हणून छाती काढून चाललो, आणि न बघितल्यामुळंच ती सगळ्या गावात सांडली. संयोगितानं विचारलं तेव्हा ओरडलो. भूषण सांगायला लागला तेव्हा त्याच्या बायकोचं नाव चारचौघांत काढलं. माळावर कुणी नव्हतं ते बरं. मी तिथं रडलो, आणि उतरताना एकच विचार येत होता, की हे अजून कुणालाच ठाऊक नाही. गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही. भूषण बोलणार नाही, आणि बोलला तरी त्याचं कोण ऐकणार?

हा विचार मला आला. लपवत नाही.

६

शुक्रवारी सकाळी सात वाजता डेअरीवर रांग लागली होती. हरणाबाईच्या दारात आटपाडीची जीप उभी होती. संयोगिताचा भाऊ शिवतेज तिची ट्रंक मागं चढवत होता. चार वर्षांचा संसार, एक ट्रंक आणि दोन पिशव्या. डेअरीवरून ते दार सरळ दिसतं, त्यामुळं रांगेतली सगळी माणसं बघत होती. बुद्धभूषण आणि मायाही लांब कडेला उभे होते.

मी जीपच्या पुढं जाऊन उभा राहिलो.

"शिवतेज, जरा थांब. हरणावहिनी, मी शुक्रवारपातुर म्हणालो हुतो."

"सापडला का चोर?"

"सापडला."

रांग पुढं सरकली. कुणीतरी भूषणकडं बोट केलं. मी फोन खिशातून काढून वर धरला.

"वीरधवलचा जुना फोन हा. म्या भूषणकडनं घेतला. पोरीची रेकॉर्डिंग माझ्या पेटीत हुती. यात्रेत फोटो देताना म्या न बघता समदं एकदम धाडलं, त्यात तीबी गेली. संयोगितानं काय केलं न्हाई. जयराजनं न्हाई. भूषणनं आन मायानं तर न्हाईच. भूषणला ते ठाऊक हुतं. मला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून त्यो गप ऱ्हायला, आन म्या त्याला चारचौघांत चोर म्हणालो." मी फोन खाली केला. "माझं चुकलं. काय शिक्षा करायची ती करा."

ज्यांनी गुरुवारी पाठ थोपटली होती ते किटल्यांत बघायला लागले.

हरणाबाई माझ्यापुढं आली. मला वाटलं हात उगारते. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं.

"म्हंजी हिनं कुणाला सांगितलं न्हवतं?"

"न्हाई."

"गावात कुणालाच न्हाई?"

"कुणालाच न्हाई, वहिनी. दवाखान्यात संगं गेलेली माया सोडली तर फकस्त नवऱ्याला."

"आन मलाबी न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. "चार वर्सं." बोलत बोलत ती खाली बसली, जीपच्या चाकाजवळ, मातीत. "चार वर्सं मी हिला सणासुदीला वटीसुदीक भरू दिली न्हाई कुणाला. आन ही ऐकून घ्यायची. माझ्या पोरापायी."

संयोगिता तिला उठवायला वाकली. हरणाबाईनं तिचा हात धरला आणि सोडला नाही. मग शिवतेजकडं वळून म्हणाली, "ट्रंक खाली घे, बाबा. च्या घे आन जा. आन मला त्या सातारच्या डाक्टरचं नाव लिहून दे कुणीतरी. पोरगा आला की मी बी जाणार हाय संगं."

लोक म्हणतात गोड झालं. तिच्यापुरतं झालं असेल. वीरधवलचा दोष मात्र आता नऊ फोनांत आणि तीनशे माणसांत आहे, आणि तो मी वाटला. पुसा म्हटल्यावर लोकांनी फोनातून पुसलं, डोक्यातून कसं पुसणार? त्याच सकाळी मी जयराजच्या फोनात माझा स्वतःचा निरोप घातला, वीरधवलच्या नावानं. काय झालं ते सगळं सांगितलं. उत्तर अजून आलं नाही. येईल तेव्हा मी ते सगळं ऐकणार, शिव्या असल्या तरी.

दुपारी वस्तीवर गेलो. एकतीस वर्षं तिथली पत्रं मी वाण्याच्या दुकानात ठेवत आलो. भूषणचा बाप राजाराम रोज तिथं येऊन विचारायचा, आमचं काय हाय का? त्याच्या थोरल्या लेकीनं पहिला पगार झाल्यावर पत्र लिहिलं, तेही मी त्याच्या दारात नेऊन दिलं नाही. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. रीत होती, मी पाळली. त्या घराच्या उंबऱ्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा उभा होतो, आणि आत बोलवायची वाट बघत होतो, जसा राजाराम वाण्याच्या पायरीवर बघायचा.

"या, तात्या," भूषण म्हणाला. मोठ्या आवाजात नाही, पण म्हणाला.

मायाला मी हात जोडले. "तुझं नाव घेतलं, पोरी."

"घेतलंत खरं," ती म्हणाली. तिनं "असू द्या" म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी तिला मानतो. चहा मात्र ठेवला. मी प्यालो. भूषणनं माझा फोन घेऊन तो पार साफ केला. अर्धा तास लागला. सोमवारी मला तेवढा वेळ नव्हता.

"नाव काय टाकू?" त्यानं विचारलं.

"माझंच टाक. पोस्टमनतात्या नगं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, समदं टाक. माझ्याकडनं काय गेलं तर माझ्याकडनंच गेलं हे दिसू दे."

पेटी बंद करायची मी ठरवलं होतं. चार दिवस कुणी आलंही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी दारात कुणीतरी खाकरलं. संयोगिता होती. मला तिच्याकडं बघवेना. तिनं आपला फोन पुढं धरला.

"तात्या, कोड उघडा."

"पोरी, आता माझ्याकडं कशाला..."

"एकच हाय," ती म्हणाली. "बघून पाठवा."

मी कोड उघडला. तिची फाइल आली. दहा आकडी नंबर, वीरधवलचा. सकाळी जयराजच्या गाडीजवळ उभा राहून मी चष्मा लावला आणि तो नंबर दोनदा वाचला.